महोत्सवात पाहिलेला दुसरा भाग

चित्रपट महोत्सवाच्या वेळापत्रकात ‘अलाँग विथ द गॉड्स: द लास्ट ४९ डेज’ हे नाव दिसलं आणि मी लगेच पासची नोंदणी उरकून टाकली. २०१८ सालचा हा कोरियन फँटसीपट म्हणजे दुसरा भाग. पहिला, ‘द टू वर्ल्ड्स’, डिसेंबर २०१७ मध्ये आला होता, पण महोत्सवाच्या यादीत तो नव्हता. म्हणून तो आधी घरी पाहून घेतला. असा दुसरा भाग बघायला जाणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगेन. मागची गोष्ट बघता बघता उमगते, पण त्या जगाचे नियम कुणी पुन्हा समजावत बसत नाही.

आणि इथे सगळी मजा नियमांतच आहे. माणूस मेला की ४९ दिवसांत त्याला सात खटल्यांतून जावं लागतं: खून, आळस, फसवणूक, अन्याय, विश्वासघात, हिंसा आणि आई-वडिलांशी केलेलं वर्तन. वकिली करायला तीन यमदूत सोबत असतात. हजार वर्षांत ४९ पुण्यात्म्यांना पुनर्जन्म मिळवून दिला, तर त्या तिघांनाही माणसाचा जन्म मिळणार असतो. पहिल्या भागातला अग्निशामक जवान अठ्ठेचाळिसावा. दुसऱ्या भागात त्याच्याच धाकट्या भावाचा खटला उभा राहतो. एवढं डोक्यात असलं की पहिल्या दृश्यापासून जीव गुंततो.

सीट आदल्या दिवशीच ऑनलाइन धरली होती, तरी लवकर जाऊन रांगेत उभी राहिले. सबटायटल्सच्या सिनेमाला मी कधी पुढच्या रांगांत बसत नाही. मान खालीवर करण्यात चेहरे निसटतात. मधल्या रांगांच्या थोडं मागे बसलं की ओळ आणि चेहरा एकाच नजरेत मावतात. सिनेमा १४१ मिनिटांचा, मध्यंतर नाही. पाणी बेतानेच प्यायले.

दोन यमदूत एका म्हाताऱ्याला न्यायला पृथ्वीवर येतात आणि घर राखणारा देव त्यांना अडवतो. त्या देवाच्या भूमिकेत अभिनेता मा दोंग-सोकचा तो धिप्पाड देह, आणि त्या देहाला चिंता कसली, तर नातू शाळेत जाईपर्यंत आजोबा जगले पाहिजेत! हजार वर्षांपूर्वी या दोघांना परलोकात नेणारा हाच. त्यामुळे त्यांना न आठवणारा त्यांचा पूर्वजन्म तो तुकड्या-तुकड्यांनी सांगत जातो. सुरुवातीला थिएटर खदखदून हसत होतं. गोष्ट गोर्यो या जुन्या कोरियन राज्याच्या बर्फाळ सीमेवर पोचली तसं हसू विरत गेलं. कथा नरक, आजचं कोरिया आणि ते जुनं राज्य अशी तिन्हीकडे उड्या मारते. तिथे सबटायटलवरून नजर हटवायची सोय नाही.

डायनोसॉरचा प्रसंग मात्र मला नकोसा झाला. दिग्दर्शक किम योंग-ह्वा यांनीच स्थापन केलेल्या डेक्स्टर या व्हिज्युअल इफेक्ट्सच्या स्टुडिओची ताकद त्यात दिसते, गोष्ट मात्र जागची हलत नाही. पण दोन्ही भाग एकत्रच चित्रित केल्याचा फायदा ठायी ठायी जाणवतो. पहिल्या भागात तीन यमदूतांचा म्होरक्या गँग-लिम (अभिनेता हा जंग-वू) मधूनच गप्प होतो, त्याचं कारण इथे कळतं. बाकी दोघांच्या आठवणी पुसल्या गेल्यात, याच्या शाबूत आहेत. हजार वर्षं तो त्यांच्यासोबत चालतोय, सगळं माहीत असून. ते समजलं तेव्हा माझे डोळे भरून आले.

शेजारच्या काकांनी पहिला भाग पाहिला नव्हता. बाहेर पडताना ते म्हणाले, “इतकी वर्षं गप्प राहिलेल्या माणसाला माफी कशी द्यायची?” मी त्यांना पहिल्या भागातले त्याचे प्रसंग सांगितले, जिन्यातच थांबून. त्यांना काही पटलं नाही. मला विचाराल, तर मी त्याला केव्हाच माफ केलंय.