पॉज नसलेला खेळ

मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५, रात्री ११.३५

सवयीने साडेअकराला कॉम्प्युटर लावला आणि मग आठवलं, अजून एक तास आहे. २६ ऑक्टोबरला युरोपातली घड्याळं तासभर मागे गेली. माझ्या ऑनलाइन खेळात आमच्या आठ जणांची रेड, म्हणजे मोठ्या राक्षसाशी एकत्र लढायची मोहीम, असते तिकडच्या रात्री आठला. उन्हाळाभर ते आपले साडेअकरा व्हायचे, आता साडेबारा. मार्च संपेपर्यंत हे असंच. सकाळी नऊला दुकानाचं शटर वर जायलाच हवं, मेडिकलवाल्यांना उशिरा उघडून चालत नाही. म्हणजे थंडीभर मंगळवारी आणि शुक्रवारी माझी झोप पाच तासांची.

घर शांत आहे. संध्याकाळी शेजारी तुळशीचं लग्न होतं. तिथून आणलेलं उसाचं कांडं आणि वाटीभर चुरमुरे कीबोर्डशेजारी ठेवलेत. जेवताना लेकीने विचारलं, "आई, पाच वर्षं झाली, तू एकच गेम खेळतेयस. तो संपत कसा नाही?" मी भात वाढता वाढता काहीतरी सांगून वेळ मारून नेली. आता तास आहे हातात, तर नीट लिहून बघते.

फायनल फँटसी चौदा. लॉकडाऊनमध्ये, २०२० साली, धाकट्या भावाने लावून दिला. तो दोन महिन्यांत सोडून गेला, मी राहिले. हा खेळ स्वतः एकदा मरून उठलेला आहे. २०१० मध्ये आला तेव्हा इतका फसला की २०१२च्या नोव्हेंबरमध्ये तो बंदच केला. बंद करताना आकाशातून एक चंद्र पडून सगळं जग जळतं असं दाखवलं, आणि ऑगस्ट २०१३ मध्ये त्याच जळलेल्या जगाच्या पुढच्या गोष्टीपासून नव्याने सुरुवात केली. मी आले तेव्हा हे सगळं होऊन सात वर्षं झाली होती, पण ही गोष्ट कळली तेव्हापासून खेळाबद्दल एक माया वाटते ती वाटतेच.

भारतात याचा सर्व्हर नाही. मी युरोपातला निवडला, कारण दुकान बंद करून, जेवणं आवरून मी बसते तेव्हा तिकडे संध्याकाळ असते. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातही निघाला, पण आपली रात्र सुरू होते तोवर तिकडे मध्यरात्र उलटलेली असते. युरोप लांब आहे आणि ते लांब असणं प्रत्येक लढाईत जाणवतं. जमिनीवर केशरी वर्तुळ उमटतं, म्हणजे इथे वार पडणार, बाहेर पळा. मी पळते. माझ्या स्क्रीनवर मी वर्तुळाच्या बाहेर, चांगली दोन पावलं बाहेर उभी असते. तरी वार लागतो, कारण तिकडच्या हिशेबात मी अजून आतच असते. पहिल्या वर्षी मला वाटायचं, आपल्यालाच जमत नाही. मग हळूहळू कळलं की आपण इतरांपेक्षा जरा आधी निघायला हवं. आता पाय आपोआप आधी निघतात.

पण खरा त्रास तो नाही. खरा त्रास हा की या खेळाला पॉज नाही.

चार जणांच्या मोहिमेत एक टँक असतो. तो पुढे उभा राहून मार खातो. दोघं हल्ला करतात आणि एक हीलर सगळ्यांना जिवंत ठेवतो. मी पहिल्यापासून हीलर. आतून सासूबाई हाक मारतात, "अगं, दोन मिनिटं थांबव की ते." आणि ते थांबवता येत नाही. मी दोन मिनिटं उठले तर कुठल्यातरी गावात जेवण लवकर आवरून बसलेली तीन माणसं मरतात, आणि त्यांचा अर्धा तास वाया जातो. हे घरात समजावून सांगताना पहिल्या वर्षी भांडणं झाली. ह्यांचं म्हणणं होतं, ओळख ना पाळख, त्या लोकांचं एवढं काय घेऊन बसलीस. मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. एवढंच माहीत होतं की शब्द दिलाय आणि दार आतून लागलंय. आता आत जाण्याआधी मी सगळ्यांना विचारून येते, कुणाला काही हवंय का, गोळी घेतली का, गॅस बंद आहे का. गाडीत बसण्याआधी घर बघून यावं तसं.

हीलरचं काम नीट झालं तर ते कुणाला दिसत नाही. टँकचं आयुष्य पाव उरलं असताना मी ते भरते, पुन्हा उरतं, पुन्हा भरते. अडीच सेकंदांना एक मंत्र, या तालावर हात चालतो. एखाद दिवशी हात चुकतो आणि माणूस पडतो. त्याला उठवायचा मंत्र पुटपुटायला आठ सेकंद लागतात आणि माझ्या दहा हजारांतली दोन हजार चारशे शक्ती त्यात जाते. त्या आठ सेकंदांत दुसरा पडला की तिसराही पडणार. आणि मग चॅटमध्ये कुणीतरी लिहितं, हीलर कुचकामी आहे. मागच्या पावसाळ्यात एकाने असं लिहिलं आणि मोहीम सोडून निघून गेला. मध्येच सोडलं तर ३० मिनिटं कुठल्याही मोहिमेत जाता येत नाही. ती शिक्षा त्याने पत्करली, पण माझ्याबरोबर पुढे यायला तो तयार नव्हता. त्या रात्री मी कॉम्प्युटर बंद केला आणि अंधारात बसून रडले. दिवसभर काउंटरवर लोक तोडून बोलतात ते मी मनाला लावून घेत नाही, ते आजारी असतात, काळजीत असतात. हे मात्र आरपार गेलं. कारण चूक माझी होती आणि ती मी ओळखली होती.

बक्षिसांचंही तसंच. पेटीतून वस्तू निघाली की ती हवी असणाऱ्या प्रत्येकाला एक आकडा पडतो, १ ते ९९ मधला. मला हवी असलेली काठी तीन महिन्यांत एकदाच निघाली. मला ९८ पडले. दुसऱ्या हीलरला ९९ (आठ जणांत हीलर दोन असतात). त्याने लगेच लिहिलं, माफ कर. माफ काय करायचं, आकडा त्याने थोडाच टाकला होता! पण त्या आठवड्यात कशात लक्ष लागलं नाही हे खरं.

तरी मी का जाते? जूनमधली एक रात्र लिहून ठेवायची राहिलीय, ती लिहिते.

साताऱ्यात पाऊस सुरू झाला की लाईट जाणार हे ठरलेलं. त्या रात्री मी तीन अनोळखी माणसांबरोबर शेवटच्या राक्षसासमोर उभी होते. लढाई सुरू होणार इतक्यात लाईट गेली. इन्व्हर्टरवर आमचे पंखे आणि दोन बल्ब चालतात. कॉम्प्युटर आणि राउटर चालत नाहीत. जुना लॅपटॉप शोधला, चार्जर शोधला, मोबाईलचं नेट जोडलं. अकरा मिनिटं लागली, मी घड्याळ बघत होते. तोवर त्यांनी मत टाकून मला काढलं असणार आणि दुसरा हीलर घेतला असणार असं मी धरूनच चालले होते. तशी सोय आहे आणि ती वापरली म्हणून कुणी नावं ठेवली नसती.

परत आत आले तर तिघं राक्षसाच्या दारात जमिनीवर बसलेले. ओळीत. मांडी घालून बसायची एक आज्ञा आहे, ती देऊन बसले होते, आणि माझी जागा मध्ये मोकळी ठेवली होती. कुणी काही लिहिलं नाही. टँक उठला, त्याने माझ्याकडे तोंड करून वाकून नमस्कार केला आणि दार ओलांडलं. त्यांची नावं मी तेव्हा टिपून घेतली नाहीत. पुन्हा कधी भेटले असतील तरी मला कळलेलं नाही.

आता या खेळात एक सोय झाली आहे. २०२२ पासून सुरुवातीच्या मोहिमा माणसांशिवाय करता येतात. कॉम्प्युटर तीन सोबती देतो. ते कधी रागावत नाहीत, सोडून जात नाहीत, वर्तुळाबाहेर वेळेत पळतात, आणि माझ्या घरचं काही निघालं तर मी त्यांना मरू देऊ शकते. घर सांभाळून खेळणाऱ्या बाईला यापेक्षा काय हवं? मी दोन-तीनदा केलं तसं. मोहीम पार पडली, मी बाहेर आले आणि काहीच वाटलं नाही. त्यांच्यातलं कुणी माझ्यासाठी जमिनीवर बसलं नसतं.

परवा रविवारी सास्ताशाला गेले होते. ती अगदी पहिली मोहीम, समुद्रकाठची चाच्यांची गुहा. माझ्यासारख्या जुन्या माणसांना तिथे पंधराव्या पातळीच्या आसपास खाली आणतात, त्यामुळे पाच वर्षांत कमावलेले मंत्र बाहेर राहतात आणि हातात साधा औषधाचा मंत्र, दगड मारायचा मंत्र असे मोजकेच उरतात. टँक कुऱ्हाडवाला होता. त्याच्या नावाशेजारी हिरवा कोंब. नवीन खेळाडूच्या नावाला असा कोंब असतो. पहिल्या वळणावर तो धावत आत घुसला आणि सगळे प्राणी त्याला सोडून माझ्या अंगावर आले. टँकला एक 'स्टान्स' लावावा लागतो, तो लावला की राक्षस त्याच्याकडे वळतात. त्याने लावलाच नव्हता. मी स्वतःलाच औषध देत कशीबशी उभी राहिले. हल्लेखोरांपैकी एकाने मोठ्या अक्षरांत लिहिलं, स्टान्स, आणि पुढे पाच उद्गारचिन्हं.

कुऱ्हाडवाला थांबला. लिहिलं, सॉरी, पहिल्यांदाच आलोय, ते कुठे असतं मला माहीत नाही.

मला माझी पहिली सास्ताशा आठवली. आतल्या चिठ्ठीत एक रंग लिहिलेला असतो आणि पुढे जायला त्याच रंगाचं प्रवाळ दाबावं लागतं. मी चिठ्ठी न वाचता भलतंच दाबलं होतं. हात थरथरत होता, बाहेरून कुकरची चौथी शिट्टी झाली होती. तेव्हाही कुणीतरी थांबलं होतं माझ्यासाठी.

मी लिहायला घेतलं. माझं इंग्रजी टायपिंग सावकाश. माझं अर्धं वाक्य होईपर्यंत त्या उद्गारचिन्हवाल्यानेच लिहिलं, क्रियांची यादी उघड, दहाव्या पातळीची क्रिया बघ, ती ओढून खालच्या पट्टीत ठेव, एकदाच दाबायची. कुऱ्हाडवाल्याने विचारलं, कुठली पट्टी? त्याने पुन्हा सांगितलं. तीन-चार मिनिटं आम्ही त्या ओल्या गुहेत उभे होतो. मग कुऱ्हाडवाल्याच्या अंगावरून एक झळाळी गेली. तिघांनीही टाळ्यांची आज्ञा दिली. पुढे चिठ्ठी आली ती त्याच्याकडूनच वाचून घेतली, रंग त्यालाच शोधू दिला. शेवटच्या लढाईत जमिनीतल्या जाळ्यांतून बुडबुडे येतात आणि त्यातून प्राणी निघतात. ती जाळी वेळेत दाबून बंद करायला उद्गारचिन्हवाला एकटा धावत होता, म्हणजे नव्याला फक्त समोर बघता यावं.

संपल्यावर कुऱ्हाडवाल्याने विचारलं, नावाशेजारचं हे रोपटं कसलं? मी सांगितलं, लोकांनी तुझ्यासाठी थांबावं म्हणून ते लावलंय.

रोपट्यावरून आठवलं. आमच्या गटाचं खेळात एक घर आहे आणि अंगणात वाफे. त्यांना नियमित पाणी घालावं लागतं, नाहीतर रोपं सुकतात. २०२३ मध्ये सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी पाच आठवडे खेळात गेलेच नाही. परत आले तर माझा वाफा हिरवागार. गटातल्या चौघांनी वार वाटून घेतले होते. गावाला गेल्यावर शेजारणीने तुळशीला पाणी घालावं तसं. ह्यांना दाखवलं. ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत उभे होते. त्यानंतर त्यांनी 'ओळख ना पाळख' कधी म्हटलं नाही.

आणि मे २०२१. जपानी मांगाकार, म्हणजे चित्रकथाकार, केंतारो मिउरा गेले. त्यांच्या नायकासारखी भली मोठी तलवार या खेळातल्या डार्क नाइट नावाच्या योद्ध्यांकडे असते. बातमी आली तशी जगभरातले डार्क नाइट शहरांच्या रस्त्यांवर दुतर्फा रांगा करून उभे राहिले, तलवारी समोर धरून. मी खेळातल्या उल्दाह शहरात होते. मला मिउरांचं काम माहीत नव्हतं, माझ्याकडे तलवारही नव्हती. पांढरी काठी घेऊन रांगेच्या टोकाला उभी राहिले. आपल्याकडे दुसरी लाट होती, दुकानात रोज कुणाचं ना कुणाचं गेल्याचं कळत होतं आणि कुणालाच कुणाच्या दारात जाता येत नव्हतं. त्या रांगेत मी वीस मिनिटं उभी होते. कुणी विचारलं नाही, तू कोण, इथे का.

लेकीला हे सगळं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. उद्या वाचायला देते.

१२.१८ झाले. गेल्या शुक्रवारी आमच्या राक्षसाचं दोन टक्के आयुष्य उरलं होतं आणि वेळ संपली. वेळ संपली की तो एका झटक्यात आठही जणांना मारतो. फिनलंडची टँक, रात्रभर ट्रक चालवून आलेली, कितीतरी वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, मंगळवारी. तिने आत्ताच गटात हात वर केल्याची खूण टाकली आहे. सात जण आलेत.

ऊस संपला. पाण्याची बाटली भरून घेतली. सासूबाईंच्या खोलीत डोकावून आले, रात्रीची गोळी घेतली आहे, गाढ झोपल्यात. त्यांच्या उशाशी फोन ठेवलाय आणि ह्यांना उठवून सांगितलंय, आता दीड तास हाक आली तर तुम्ही जा. "हं, जा तू," म्हणाले, आणि कूस बदलली.