दुसऱ्यांदा नाक

बाबांचं नाक माझ्याकडे आलं, मधोमध हाड वर आलेलं. आत्याचंही तसंच. बडोद्यातल्या दांडिया बाजारातली जुनी माणसं नाक बघूनच 'तू अमक्यांची ना?' म्हणायची. मला ते नको होतं. नोव्हेंबर २०२१मध्ये, दिवाळी आटोपल्यावर, मी ते हाड काढून घेतलं. आईचा विरोध होता, पैसे माझे होते.

प्लास्टर निघाल्यावर सगळे छान म्हणाले. हळूहळू सूज उतरली तसं खरं नाक दिसू लागलं. हाड संपतं तिथून खाली दोन्ही बाजूंना उलट्या व्हीसारखी सावली, शेंडा चिमटीत धरल्यासारखा. तेही मी सोसलं असतं, पण डाव्या बाजूने श्वासच येईना. जोरात ओढला की नाकाची भिंत आत चिकटायची. रात्रभर तोंड उघडं, सकाळी घसा कोरडाठाक. चैत्रातल्या हळदीकुंकवाला आईची मोत्यांची दाबाची नथ घातली आणि दहा मिनिटांत काढून पर्समध्ये टाकली. तिच्या वजनाने नाकपुडी पुरती मिटत होती. "अगं, नथ कुठे गेली?" काकूंनी विचारलं. मला काही सांगता आलं नाही.

ज्यांनी शस्त्रक्रिया केली ते म्हणाले, "दिसायला तर छान झालंय." त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही. शस्त्रक्रियेआधी श्वासाबद्दल त्यांनी विचारलं नव्हतं, आणि मीही नाही.

एप्रिलमध्ये दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी माझा गाल बोटाने बाजूला ओढला आणि म्हणाले, "हवे श्वास लो, बेन." हवा सरळ आत गेली. खुर्चीतच रडू आलं मला. मग त्यांनी कागदावर काढून दाखवलं: नाकाच्या आत, मधला पडदा आणि वरची कूर्चा, म्हणजे मऊ लवचिक हाड, यांच्यात हवेची वाट मुळातच अरुंद, कोन जेमतेम दहा-पंधरा अंशांचा. हाड उतरवताना कूर्चेचा आधार सुटला, नवा दिला गेला नाही, म्हणून भिंत कोसळते.

"मग कधी करायचं?"

"हमणां नहीं."

निदान वर्ष होऊ दे म्हणाले. आतला व्रण मऊ पडायला, शेंड्याची सूज उतरायला तेवढा वेळ लागतोच. घाईने कापलं तर आणखी बिघडतं. हे थांबणं शस्त्रक्रियेपेक्षा जड गेलं. त्या महिन्यांत मी कावसजीबद्दल वाचलं. इंग्रजांच्या फौजेतला हा मराठा बैलगाडीवान १७९२च्या युद्धात टिपूच्या हाती लागला, त्याचं नाक कापलं गेलं. वर्षाहून जास्त काळ तो तसाच राहिला, मग पुण्याजवळच्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नाक करून दिलं. ऑक्टोबर १७९४मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये त्याची हकिकत चित्रासकट छापून आली. त्यानेही वर्ष काढलं होतं, हे मी पुन्हा पुन्हा वाचायचे. त्या वर्षीच्या नवरात्रात दुसऱ्याच फेरीत दम लागून मैदानाच्या कडेला बसले तेव्हाही तोच आठवला.

६ जानेवारी २०२३ला चार तासांची शस्त्रक्रिया झाली. पडद्यातली कूर्चा पहिल्या वेळीच वापरून झाली होती, कानाची मऊ आणि वाकडी, म्हणून बरगडीची घेतली. तिच्या दोन पातळ पट्ट्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना बसवल्या. नाकापेक्षा बरगडी दुखली, हे मात्र आधीच विचारून ठेवा. खोकला आला की उशी छातीशी धरायची. चष्मा नाकावर ठेवायचा नाही, तो कपाळाला चिकटपट्टीने टांगलेला. डोक्याखाली तीन उशा.

प्लास्टर तेराला निघालं, म्हणजे उत्तरायणाच्या आदल्या दिवशी. चौदाला बाबांनी मला गच्चीवर येऊ दिलं नाही, एखादी पतंगाची दोरी नाकाला लागली तर म्हणून. मी खिडकीपाशी बसले होते. आत सूज होती, उंधियूचा वास येत नव्हता, पण तोंड मिटलेलं होतं आणि डावीकडून थंड हवा आत येत होती. आई ताट घेऊन आली, माझ्याकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "झोपेत घोरत नव्हतीस काल."

वरून "काइपो छे" ओरडत होते. नाकावर बाबांचा उंचवटा नाही, तो परत येणारही नाही. नथ अजून डबीतच आहे. डॉक्टर सांगतील तेव्हा काढेन.