खाज आज, कारण परवाचं

अंगावर पुरळ दिसलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आज नवीन काय खाल्लंस? नवीन काय लावलंस?" त्वचेला काहीतरी लागून होणाऱ्या अ‍ॅलर्जीत हे दोन्ही प्रश्न बहुतेक वेळा भलतीकडे नेतात. ही अ‍ॅलर्जी उशिरा उमटते. नको ती वस्तू लागल्यापासून पुरळ दिसेपर्यंत साधारण २४ ते ७२ तास जातात. म्हणजे गुरुवारी सकाळी गाल खाजायला लागला तर बुधवार रात्र नाही, सोमवार-मंगळवार आठवायचा.

दुसरी गोष्ट आणखी चकवणारी. एखादा पदार्थ पहिल्यांदा लागतो तेव्हा शरीर त्याची फक्त नोंद घेतं. ती नोंद पक्की व्हायला किमान दहा-पंधरा दिवस लागतात, कधी कधी कित्येक वर्षं. त्यामुळे "हे तर मी दहा वर्षं वापरतेय, याने कसं होईल?" हा युक्तिवाद टिकत नाही. रोजच्या जुन्या वस्तूवर आधी संशय घ्यावा.

अंगावर पित्त उठतं ते वेगळं. त्यात गांधी काही मिनिटांत येतात आणि एकेक गांध २४ तासांच्या आत, मागे डाग न ठेवता विरते. संपर्काच्या अ‍ॅलर्जीत लाली, बारीक पाणीदार फोड, मग खपल्या, कोरडी जाडसर कातडी असा प्रवास असतो आणि तो दिवसेंदिवस चालतो. ओठ-जीभ सुजली, श्वास अडकला, चक्कर आली तर शोध बाजूला ठेवून थेट तातडीचा विभाग गाठायचा.

कारण शोधताना यादीपेक्षा जागा जास्त बोलते. कानाच्या पाळ्या, बेंबीखाली बक्कल किंवा जीन्सचं बटण टेकतं ती जागा, मनगटावर घड्याळाच्या आकाराचा डाग: इथे निकेल धातूवर पहिला संशय. पायाच्या वरच्या बाजूला असेल तर बुटाचं कमावलेलं चामडं किंवा त्यातला गोंद. काखेत अगदी मधोमध असेल तर डिओडरंट; पण मधला भाग स्वच्छ आणि कडेच्या घड्यांवर पुरळ असेल तर कपड्याचा रंग किंवा कापडावरची प्रक्रिया. कानामागे, केसांच्या कडेला, मानेवर असेल तर कलप किंवा शाम्पू. पापण्या सगळ्यात फसव्या. तिथली कातडी इतकी पातळ असते, की नखांचं पॉलिश बोटांना काहीच करत नाही आणि डोळा चोळल्यावर पापणी मात्र सुजते.

अंगठीचं प्रकरण जरा जवळून पाहण्यासारखं आहे. अंगठीखालची कातडी लाल, खरखरीत झाली की दोष धातूला दिला जातो. पण हात धुताना साबणाचं पाणी अंगठीखाली अडकतं, टॉवेल तिथवर पोचत नाही आणि तो ओलावा दिवसभर कातडी कुरतडतो. ही अ‍ॅलर्जी नाही, दाह आहे. फरक कळायला सोपा उपाय: आधीचं बोट पूर्ण मोकळं ठेवायचं आणि दोन आठवडे अंगठी दुसऱ्या हातात घालायची. प्रत्येक धुण्याआधी ती काढायची, हात आणि अंगठी दोन्ही कोरडे झाल्यावरच पुन्हा घालायची. इतकं करूनही नव्या बोटावर तसंच पुरळ उठलं तर धातूवर संशय पक्का होतो.

निकेल तपासायचं द्रावण मिळतं, त्यात डायमिथिलग्लायॉक्सिम असतं. कापसाच्या काडीवर थेंब टाकून धातूवर अर्धा मिनिट घासायचं. कापूस गुलाबी झाला तर निकेल सुटतंय. घामात निकेल जास्त सुटतं, म्हणून उकाड्यात त्रास वाढतो. मुलामा झिजला की आतला धातू उघडा पडतो, हेही लक्षात ठेवावं. बटणावर पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात देता येतात, पण तो थर लवकर निघतो आणि वारंवार द्यावा लागतो. आतून कापडाचा तुकडा शिवणं जास्त टिकाऊ.

लेबलं नीट वाचायला शिकणं फार गरजेचं आहे. "अनसेंटेड" म्हणजे वास येत नाही, इतकंच. मूळ वास झाकायला सुगंधी द्रव्य घातलेलं असू शकतं. हवं ते "फ्रॅग्रन्स फ्री". "हायपोअ‍ॅलर्जेनिक" या शब्दाला सगळीकडे लागू असा एकच नियम नाही, त्यावर विसंबू नये. आणि "नैसर्गिक" म्हणजे निर्धोक हा समज मला सगळ्यात घातक वाटतो. सुगंधी तेलांतले लिमोनीन आणि लिनालूल हे वास देणारे घटक हवा लागून बदलतात आणि जास्त अ‍ॅलर्जीकारक होतात. अर्धी वापरून महिनोन्‌महिने पडलेली बाटली टाकून द्यावी. ओले वाइप्स, द्रवरूप साबण आणि भिंतीच्या रंगांत मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे परिरक्षक (माल खराब होऊ नये म्हणून घातलेलं रसायन) असू शकतं. त्वचेवर तसंच राहणाऱ्या प्रसाधनांत युरोपीय संघाने ते २०१७ पासून बंद केलं आहे.

लावून ठेवायचं क्रीम घरी तपासता येतं. कोपराच्या आतल्या बाजूला एकाच जागी, मोठ्या नाण्याएवढं, दिवसातून दोनदा, निदान ७ आणि शक्यतो १४ दिवस लावायचं. तिसऱ्या दिवशी काही दिसलं नाही म्हणून थांबलं तर चाचणी वाया गेली. साबण, शाम्पू, डिटर्जंट असे तपासू नयेत. ते धुऊन न टाकता ठेवले तर कुणाचीही कातडी लाल होईल. कलपाने एकदा त्रास झाला असेल तर घरी पुन्हा प्रयोग मुळीच नको. त्यातल्या पीपीडी या रंग देणाऱ्या रसायनाने डोकं, चेहरा, डोळे भयंकर सुजू शकतात.

हातांना जपायला रबरी मोजे घालतात आणि कधी कधी तेच कारण ठरतं. रबर बनवताना घातलेली रसायनं नायट्राइल या कृत्रिम रबराच्या मोज्यांतही असू शकतात. अशा वेळी विनाइलचे मोजे, आतून सुती मोजे, आणि एका वेळी साधारण २० मिनिटंच. आत घाम साचला की मोज्याचा फायदा संपतो.

वस्तू बंद केल्यावर त्वचा सावरायला २ ते ६ आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून ती पुन्हा सुरू करणं आणि एकदम पाच गोष्टी बदलणं, या दोन चुका सगळा शोध बिघडवतात. तोवर कोमट पाणी आणि अंग पुसल्याबरोबर साधी पेट्रोलियम जेली. मनाने स्टेरॉइडचं मलम लावू नये: कारण झाकलं जातं, चेहऱ्याची कातडी पातळ होते. जखमेवरचं निओमायसिन या प्रतिजैविकाचं मलमही अ‍ॅलर्जी देऊ शकतं. लावल्यावर भोवतीची खाज वाढली तर ते थांबवावं.

तरी उलगडलं नाही तर त्वचारोगतज्ज्ञाकडून पॅच टेस्ट करून घ्यावी. रक्ताची आयजीई तपासणी (लगेच उठणाऱ्या अ‍ॅलर्जीतली प्रतिपिंडं मोजणारी) या अ‍ॅलर्जीचा पत्ता देत नाही. पॅच टेस्टमध्ये पाठीवर पट्ट्या चिकटवतात, ४८ तासांनी काढतात आणि चिकटवल्यापासून ७२ ते ९६ तासांनी पुन्हा पाहतात. दुसरी भेट चुकवू नये. तोवर पाठ भिजवायची नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगायचं, पण आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. निकालात जी नावं येतील त्यांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा आणि नेहमीच्या ब्रँडची नवी बाटली घेतानाही ताडून पाहावा. नाव तेच राहतं, आतले घटक बदलतात.