कटाडिनचा ट्रेक आणि तिघांचे मंडळ : मेनमधील बॅक्स्टर स्टेट पार्क

बॅक्स्टरच्या नावात ‘स्टेट पार्क’ असले तरी अमेरिकेतील मेन राज्याच्या उद्यान खात्याकडे त्याचा कारभार नाही. त्यामुळे इतर राज्य उद्यानांचा वार्षिक पास इथल्या टोग पाँड गेट या प्रवेशद्वारावर चालत नाही आणि अकेडियासाठी काढलेला राष्ट्रीय उद्यानांचा पासही चालत नाही. मेनची नंबरप्लेट असलेली गाडी फुकट आत जाते, बाकीच्यांना प्रवेशशुल्क भरावे लागते. बॉस्टन किंवा न्यू जर्सीहून गाडी काढणाऱ्या मराठी मंडळींनी हे आधीच डोक्यात ठेवावे. या एका गोष्टीमागे पूर्ण व्यवस्था उभी आहे आणि ती समजली की ट्रेकचे नियोजनही सोपे होते.

हे जंगल ‘बॅक्स्टर स्टेट पार्क ऑथॉरिटी’ चालवते. तिच्यात तिघेच जण असतात आणि तिघेही पदसिद्ध: राज्याचे महान्यायवादी, मत्स्य व वन्यजीव खात्याचे आयुक्त आणि राज्य वनसेवेचे संचालक. मेनमध्ये महान्यायवादीला गव्हर्नर नेमत नाही, विधिमंडळ गुप्त मतदानाने निवडते. म्हणजे तिघांतला एक तरी गव्हर्नरच्या मर्जीवर नसतो आणि तो कायद्याचा माणूस असतो. याला महत्त्व आहे, कारण मंडळाचे खरे काम, ज्यांनी ही जमीन दिली त्या पर्सिव्हल बॅक्स्टर यांच्या दानपत्रांची अंमलबजावणी करणे हे आहे.

पर्सिव्हल बॅक्स्टर १९२१ ते १९२५ या काळात मेनचे गव्हर्नर होते. कटाडिन डोंगर राज्याने विकत घ्यावा म्हणून त्यांनी विधिमंडळात खटपट केली, पण ती फळाला आली नाही. मग पद सोडल्यावर त्यांनी स्वतःच्या पैशाने, १९३० मध्ये, ग्रेट नॉर्दर्न पेपर कंपनीकडून ५,९६० एकर जमीन घेतली आणि १९३१ मध्ये राज्याला देऊन टाकली. पुढे १९६२ पर्यंत तुकड्यातुकड्याने खरेदी चालू राहिली. एकूण अठ्ठावीस दानपत्रे झाली आणि दोन लाख एकरांवर जमीन सार्वजनिक झाली. आज उद्यान २,०९,६४४ एकरांचे आहे. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे, हे त्याच्या आठपट. प्रत्येक दानपत्रात अटी आहेत. जमीन कायम नैसर्गिक, रानटी अवस्थेत राहावी ही मुख्य अट, लोकांची मौज त्यानंतर. देखभालीसाठी त्यांनी विश्वस्त निधीही ठेवला. तो निधी, आलेल्यांकडून मिळणारे शुल्क आणि थोडी लाकूडविक्री यांवर उद्यान चालते. राज्याच्या करांतून पैसा येत नाही, त्यामुळे ‘महसूल वाढवायला गर्दी वाढवा’ असा दबाव इथे फारसा चालत नाही. अंदाजपत्रक, नियम आणि व्यवस्थापन आराखडा मंडळ मंजूर करते, संचालकाची नेमणूकही तेच करते. रोजचा कारभार संचालक आणि रेंजर पाहतात.

दानपत्रांच्या या शब्दांचा परिणाम गेट ओलांडताच दिसू लागतो. आत वीज नाही, नळ नाही, डांबरी रस्ता नाही, दुकान नाही. मोटारसायकल चालत नाही, कुत्रा चालत नाही. गाडी ९ फूट उंच, ७ फूट रुंद आणि २२ फूट लांब यापेक्षा मोठी असेल तर गेटवरूनच परत फिरावे लागते, म्हणून भाड्याची मोठी आरव्ही (आत राहण्याची सोय असलेली गाडी) घेऊन येऊ नये. वेगमर्यादा ताशी २० मैल आहे. कच्चा, अरुंद, वळणावळणाचा रस्ता पाहता यापेक्षा जोरात जाताही येत नाही.

पोचायचे कसे, तर आय-९५ ने उत्तरेला यायचे, मेडवेसाठी एक्झिट २४४ घ्यायचा आणि तिथून मिलिनॉकेट. बॉस्टनहून साडेचार ते पाच तास लागतात. पेट्रोल, बर्फ, किराणा, सगळे मिलिनॉकेटमध्येच उरकावे, कारण पुढे टोग पाँड गेटपर्यंतच्या अठराएक मैलांत भरवशाचे काही नाही आणि आत तर काहीच नाही. फोनची रेंज गावातच संपते असे धरून नकाशे आधी उतरवून घ्यावेत आणि कागदी नकाशाही ठेवावा. सरपण दुसऱ्या राज्यातून आणायला कायद्यानेच बंदी आहे, कारण लाकडाबरोबर झाडे पोखरणारी कीड येते. ते उद्यानातच विकत मिळते. अंधारात या भागात गाडी हाकू नये. मूस (इथले प्रचंड आकाराचे हरीण) रस्त्यावर उभा असतो, त्याचा रंग गडद आणि पाय इतके उंच की हेडलाइटमध्ये डोळे चमकत नाहीत, आणि धडक बसली तर धड थेट काचेवर येते.

आरक्षणाचे दोन प्रकार आहेत आणि लोक त्यांत गोंधळतात. मुक्काम करायचा असेल तर तारखेच्या चार महिने आधी तंबूची जागा, लीन-टू (तीन भिंती आणि छप्पर असलेला लाकडी निवारा), बंकहाउस किंवा केबिन आरक्षित करता येते. रोअरिंग ब्रूक आणि चिमनी पाँड इथल्या शनिवार-रविवारच्या जागा लगेच जातात, म्हणून सोमवार ते गुरुवार पाहावे. मुक्काम न करता फक्त कटाडिन चढायचा असेल तर डे यूज पार्किंग रिझर्वेशन लागते, इथे त्याला थोडक्यात डीपीआर म्हणू. राज्याबाहेरच्यांना ते दोन आठवडे आधीपासून मिळते, मेनच्या रहिवाशांना आणखी आधी. डीपीआर एका ठराविक वाहनतळासाठी असते: रोअरिंग ब्रूक, अबोल किंवा कटाडिन स्ट्रीम. सकाळी ७:०५ पर्यंत गेटवर पोचला नाहीत तर जागा दुसऱ्याला दिली जाते. वाहनतळ भरला की त्या बाजूची वाट त्या दिवसापुरती भरली. मंडळाने डोंगरावरची गर्दी मोजण्यासाठी माणसांच्या ऐवजी गाड्या मोजायचा मार्ग निवडला आहे आणि तो चांगला चालतो. मिलिनॉकेटमध्ये हॉटेलात राहणार असाल तर पहाटे पाचलाच निघावे, गेटवर रांग असते.

आमचा सल्ला असा, की निदान दोन रात्री रोअरिंग ब्रूकला काढाव्यात. पहिल्या संध्याकाळी किंवा दुसऱ्या पहाटे तिथून अर्ध्या मैलावरच्या सँडी स्ट्रीम पाँडपर्यंत चालत जावे. पाण्यात मान घालून वनस्पती खाणारा मूस दिसण्याची ही उत्तम जागा आहे. काठावरच्या फळ्यांवरूनच चालायचे, आवाज नाही, आणि मूस कान मागे टाकून पाहू लागला तर मागे सरायचे.

आता डोंगर. कटाडिनचे बॅक्स्टर शिखर ५,२६७ फूट, म्हणजे सुमारे १,६०५ मीटर. कळसूबाईपेक्षा उंची थोडी कमीच, आणि या आकड्यानेच सह्याद्रीत भटकलेले लोक फसतात. इथला अक्षांश पंचेचाळीसच्या वर आहे, त्यामुळे वरचे दोनेक हजार फूट झाडोऱ्याच्या वर, उघड्यावर येतात. तिथे ऊन, वारा, पाऊस, गारा यांपैकी काहीही अर्ध्या तासात बदलते आणि वीज पडायला लागली तर लपायला झुडूपही नसते. ऑगस्टमध्येही लोकरीची टोपी, हातमोजे आणि वारा अडवणारे जॅकेट पाठीवर हवे. सुती टी-शर्ट आणि जीन्स घालून चढू नये, भिजल्यावर अंगाची ऊब तेच काढून घेतात. सहा वर्षांखालच्या मुलांना झाडोऱ्याच्या वर नेण्यास मनाई आहे.

रोअरिंग ब्रूकहून वर जाण्याचा सोपा मार्ग असा: चिमनी पाँडपर्यंत ३.३ मैल, पुढे सॅडल ट्रेलने माथ्यापर्यंत २.२ मैल. पहिला टप्पा दगडधोंड्यांतून पण सरळ आहे, दोन-अडीच तासांत होतो. चिमनी पाँडला रेंजरचे ठाणे आहे, त्या दिवसाचा हवामानाचा अंदाज आणि कोणती वाट उघडी आहे ते तिथे लिहिलेले असते. ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. सॅडलच्या वरच्या भागात मोकळा घसारा आहे. त्यात पुढच्याच्या पायाखालून दगड सुटतो आणि मागच्याला लागतो, म्हणून एकामागे एक चिकटून चढायचे नाही, अंतर ठेवायचे किंवा थोडे तिरके राहायचे. चिमनी पाँडहूनच निघणारा कॅथीड्रल ट्रेल अंतराने कमी असला तरी मोठ्या कातळांवरून हातापायांनी चढावा लागतो. तो चढायला ठीक आहे, उतरायला गुडघे मोडतो.

ज्यांना नाइफ एज, म्हणजे पामोला आणि बॅक्स्टर या शिखरांमधली अरुंद धार, करायची आहे त्यांनी हेलन टेलर ट्रेलने पामोला शिखरावर यावे. हेलन टेलर हे उद्यानाचे दीर्घकाळचे पर्यवेक्षक होते. या सोंडेवर भरवशाचे पाणी नाही आणि पहिल्या दीड मैलानंतर सावलीही उरत नाही, म्हणून माणशी तीन लिटर पाणी खालूनच घ्यायचे. पामोलावरून धारेवर उतरताच चिमनी नॉच ही खिंड लागते: सरळ उतार, मग लगेच तसाच रॉक पॅच चढून चिमनी शिखर. पूर्ण वाटेतली हीच सर्वांत अवघड जागा. बॅक्स्टर शिखराकडून आलात तर ती थकल्यावर, शेवटी येते. पामोलाकडून गेलात तर हात ताजे असताना पार पडते, म्हणून आम्ही ही दिशा सुचवतो. पुढची धार १.१ मैलांची असली तरी दीड-दोन तास घेते. काही ठिकाणी रुंदी जेमतेम तीनेक फूट आणि दोन्ही बाजूंना दरी. मध्ये खाली उतरण्याची पर्यायी वाट नाही, शॉर्टकट काढणारे अडकतात आणि त्यांच्यासाठीच बचावपथके निघतात. पामोलावर असताना ढग अंगावर येत असतील, खडक ओला असेल किंवा वाऱ्याने तोल जात असेल तर आलात तसे परत फिरा. ट्रेकिंगच्या काठ्या धारेवर सॅकला बांधून टाकाव्यात, दोन्ही हात मोकळे हवेत. सॅडलने उतरून रोअरिंग ब्रूकला परत येईपर्यंत एकूण दहाएक मैल आणि नऊ ते अकरा तास होतात. सकाळी सहाला पाऊल उचलायचे आणि हेडलॅम्प सॅकमध्ये हवाच. निघताना आणि परत आल्यावर रेंजरच्या नोंदवहीत नाव लिहायचे. परतल्याची नोंद विसरलात तर रात्री शोध सुरू होऊ शकतो.

माथ्यावर वाटेवरच्या खडकांवरूनच पाय टाकावेत. तिथली झाडे बोटभर उंचीची असतात आणि त्यांना वाढायला कित्येक वर्षे लागतात. कटाडिन आर्क्टिक नावाचे फुलपाखरू जगात फक्त या डोंगरावर आढळते. अॅपलाचियन ट्रेल इथेच संपतो, त्यामुळे सप्टेंबरमध्ये पाटीपाशी हजारो मैल चालून आलेले लोक भेटतात. त्यांना आता उद्यानाचा परवाना घ्यावा लागतो. एका गटात बारापेक्षा जास्त माणसे चालत नाहीत. २०१५ मध्ये या ट्रेलचा वेगाचा विक्रम करून आलेल्या धावपटूने माथ्यावर शँपेन उघडली, तेव्हा त्याला सार्वजनिक मद्यपानासाठी दंड भरावा लागला. मंडळींचा मोठा ग्रुप असेल तर आधीच दोन तुकड्या पाडा आणि वेगवेगळ्या वेळी निघा.

खाण्याचे: दशम्या, कोरडी चटणी, गूळ-शेंगदाणे यांना तोड नाही, कारण शिजवावे लागत नाही आणि कचराही उरत नाही. आत कचराकुंडी नाही, सगळे परत न्यायचे. रात्री अन्न, टूथपेस्टसुद्धा, गाडीत कुलपात ठेवावे, नाहीतर अस्वल येते, आणि अस्वलाआधी उंदीर. चिमनी पाँडला शेकोटी चालत नाही, फक्त स्टोव्ह. ओढ्याचे पाणी उकळून किंवा गाळूनच प्यावे. मेअखेर ते जून या काळात ब्लॅक फ्लाय नावाची चावरी माशी कानामागे, केसांत शिरते. तेव्हा डोक्यावर जाळी घ्यावी, नाहीतर जुलैनंतर यावे. वरच्या वाटा साधारण जूनच्या सुरुवातीपर्यंत बंदच असतात, कारण बर्फ वितळत असताना चाललेल्या बुटांनी मातीच उखडते.

हातात एक दिवस असेल तर उत्तरेला जावे. आतल्या टोट रोडने मॅटागॅमन गेटपर्यंत चाळीसेक मैल आहेत, त्याला अडीच तास धरा. वायव्येला सुमारे साडेएकोणतीस हजार एकरांचे शास्त्रीय वनव्यवस्थापन क्षेत्र लागते. युरोपातली जंगले पाहून आलेल्या बॅक्स्टर यांनीच दानपत्रात त्याची सोय केली: इथे झाडे तोडायची, पण जंगल टिकवून कशी तोडतात ते दाखवायला. ‘अस्पर्श जंगलात करवत कशी’ हा प्रश्न तिथे अनेकांना पडतो. त्याचे उत्तर एवढेच, की प्रत्येक तुकड्याची अट वेगळी आहे. शिकारीचेही तसेच. उद्यानाच्या साधारण चौथ्या भागात ती चालते, बाकी ठिकाणी नाही, आणि मूसची शिकार कुठेच नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जाणाऱ्यांनी नकाशावर हा भाग पाहावा आणि तिथे भडक नारिंगी कपडे घालावेत.

या अटींवरून मंडळाला न्यायालयातही जावे लागले आहे. १९७४ च्या वादळात झाडांचे मोठे पट्टे आडवे झाले. ते यंत्रे लावून उचलायचे मंडळाने ठरवले, तेव्हा उद्यान वापरणारे काही नागरिक विरोधात उभे राहिले आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये त्यांचा दाद मागण्याचा हक्क मान्य केला. मधल्या काळात, १९७७ च्या जुलैत, विजेने वणवा पेटून हजारो एकर जंगल जळाले. पडलेले लाकूड उचलावे की कुजू द्यावे, हा वाद त्यामुळे सोपा झाला नाही, आणि आम्हाला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात.

मंडळाच्या बैठका खुल्या असतात, वर्षातून काही वेळा होतात आणि त्यांत सामान्य माणसाला बोलता येते. वाटेची पडझड, आरक्षणाची अडचण किंवा नव्या नियमाबद्दलचे मत असेल तर आधी रेंजरला सांगावे, नंतर मिलिनॉकेटच्या मुख्य कार्यालयाकडे लेखी द्यावे. लिहिताना वाटेचे नाव, कोणत्या फाट्यापासून किती अंतरावर, तारीख आणि वेळ एवढे द्या, त्यावर दुरुस्तीच्या तुकडीला थेट काम करता येते. फोटोही जोडा.