अनंताचे गोत्र

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर ठेवलेला आहे. लाल कापडी बांधणीचा तो ग्रंथ इतका जड आहे की तो काढायला स्टूल लागते आणि परत ठेवायला दुसरा माणूस. मूळ पुरुषापासून उतरत आलेल्या शाखा, उपशाखा, मूळ गाव, कुलदैवत आणि गोत्र असे सगळे त्यात आहे, आणि शेवटाकडच्या एका पानावर माझेही नाव, जन्मसाल आणि शिक्षण छापलेले आहे. ‘शाखा’ हा शब्द त्यात पानोपानी येतो, सुरुवातीला एका डेरेदार वृक्षाचे चित्रही काढलेले आहे. मात्र जे झाड आमच्या घरात खरोखर वाढले, त्या अनंताचा त्यात कुठेही उल्लेख नाही. तो असण्याचे कारणही नाही, कारण अनंत आमच्या कुळातला नाही. तो आईबरोबर आला.

आईचे माहेर चिपळूणचे. तिथल्या न्हाणीघरामागे, सांडपाण्याच्या वाटेवर हा अनंत उभा होता, आणि तिथेही तो आजोबांच्या घराण्याचा नव्हता. आजीने लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात आपल्या माहेराहून, गुहागरजवळच्या एका आगरातून, त्याची फांदी आणली होती. त्या आगरात तो पणजीने लावला, एवढे आजीला ठाऊक होते. पणजीने तो कुठून आणला हे विचारायचे तिला सुचले नाही, आणि मला सुचले तोवर सांगणारे कोणी उरले नव्हते. आई 1974 साली लग्न होऊन साताऱ्याला आली. पुढच्या जूनमध्ये माहेरपणाहून परतताना, केळीच्या सोपात ओली माती भरून सुतळीने बांधलेल्या दोन फांद्या मांडीवर घेऊन ती एसटीत बसली. कुंभार्ली घाटात तिला गाडी लागली, पण ते पुडके तिने कोणाच्या हातात दिले नाही, असे ती अजूनही सांगते. त्यांतली एक फांदी लागली. पुढे वडिलांची बदली पुण्याला झाली तेव्हा अनंत पुन्हा प्रवासाला निघाला. गुहागरपासून इथवर येईतो प्रत्येक लग्नागणिक त्याचे आडनाव बदलले आणि एकाही कुलवृत्तांतात त्याची नोंद झाली नाही.

फांदी लावण्याचे आईचे शास्त्र ठरलेले आहे. मृगाचा पाऊस पडून माती मुरल्याशिवाय कात्रीला हात लावायचा नाही. फांदी ना कोवळी ना जून, वीतभर लांबीची, पेराच्या खाली तिरकी छाटलेली हवी. खालची पाने काढायची आणि वरची चार अर्ध्यावर कापायची, म्हणजे मुळे नसलेल्या त्या काडीला पानांतून उडून जाणारे पाणी सोसावे लागत नाही. तिन्हीसांजेला झाडाला हात लावायचा नाही, कारण त्या वेळी झाडे झोपलेली असतात. मुळे फुटली का हे उपटून पाहायचे नाही, हा शेवटचा नियम मात्र खास माझ्यासाठी झालेला आहे. लहानपणी मी एक फांदी आठ दिवसांत तीनदा उपटून पाहिली होती आणि त्याबद्दलचा धपाटा मला अजून आठवतो.

हे सारे सोपस्कार करावे लागतात, कारण आमचा अनंत दुहेरी पाकळ्यांचा आहे. एकेरी अनंताला नारिंगी फळे धरतात आणि चीनमध्ये पूर्वापार त्यांपासून पिवळा रंग काढतात. आमच्या अनंताला फळ धरल्याचे तीन घरांत कोणी पाहिलेले नाही. फळ नाही म्हणून बी नाही, आणि बी नाही म्हणून पाखरू, वारा किंवा ओढ्याचे पाणी यांपैकी कोणीही त्याला कुठे नेऊ शकत नाही. त्याला न्यायला माणूसच लागतो. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात फांदीपासून झालेले झाड हे मूळ झाडाचे मूल नसते, ते मूळ झाडच असते. आजी ‘हा माझ्या आईचाच अनंत’ असे म्हणायची तेव्हा मला तो बोलण्याचा लाघवीपणा वाटायचा. प्रत्यक्षात ती शब्दशः खरे बोलत होती. मी पणजीला पाहिलेले नाही, तिचा फोटोही नाही, पण तिच्या केसांत माळलेले फूल ज्या झाडाचे होते, त्याच झाडाचे फूल आमच्या देव्हाऱ्यात असते. (इंग्रजीत अनंताला गार्डेनिया म्हणतात, ते बागेवरून असावे असे मला वर्षानुवर्षे वाटत होते. ते नाव अठराव्या शतकातल्या अलेक्झांडर गार्डन नावाच्या डॉक्टरवरून पडले आहे. म्हणजे तिकडेही बिचाऱ्याला पुरुषाचेच आडनाव लागले.)

सगळ्याच झाडांना असे कोणाच्या मांडीवर बसून जावे लागत नाही. गुलबक्षी मिऱ्यासारखे काळे बी टाकते आणि पुढच्या पावसात न विचारता अंगणभर उगवते. अबोलीची तऱ्हा तर आम्हा मुलांचा खेळच होता. तिची वाळलेली बोंडे वाटीभर पाण्यात टाकायची आणि श्वास धरून बसायचे. क्षणभर काही होत नसे आणि मग टक् असा आवाज करत एकेक बोंड फुटून चपटे बी पार पडवीच्या कोपऱ्यापर्यंत उडायचे. अशा झाडांना वारसा म्हणावा असे मला वाटत नाही. ती आपल्या हिमतीवर राहतात. हळद मात्र अनंताच्या पंगतीतली. तिचेही गड्डेच लावावे लागतात आणि लावणीच्या त्या मूळ गड्ड्याला शेतकरी ‘जेठा गड्डा’ म्हणतात, हा शब्द मला फार आवडतो. आईच्या कुंडीतली हळद चिपळूणचीच आहे. तिचे हळकुंड आम्ही कधी खाल्लेले नाही, ती केवळ पातोळ्यांच्या पानांसाठी राखलेली असते.

आणि अळू. अळवाबद्दल घराघरात जितका अभिमान असतो तितका सोन्याबद्दलही नसावा. ‘आमचं अळू खाजत नाही हो’ हे वाक्य मी किमान दहा घरांत ऐकले आहे आणि त्यांपैकी चार घरांत पानावरून उठताना गुपचूप घसा खाकरला आहे. अळवाच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. कुठल्या जातीत ते कमी असतात, कुठल्या जातीत जास्त. न खाजणारा कांदा हाती लागला की बायका तो जपतात, लेकीला देतात, शेजारणीला मात्र जरा विचार करून देतात. आमचे अळू खाजते. पण ते आजीचे आहे, म्हणून आई चिंचेचा कोळ वाढवते आणि अळू तेच ठेवते.

आता माझा पराक्रम. पाच वर्षांपूर्वी आईवडील दोन महिने बहिणीकडे राहायला गेले आणि गच्चीतल्या कुंड्या माझ्यावर सोपवून गेले. त्या उन्हाळ्यात आमच्या इमारतीला बोअरचे पाणी होते. अनंताची पाने पिवळी पडू लागली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. मला वाटले, ऊन फार आहे. मी दोन्ही वेळा पाणी घालू लागलो. पाने आणखी पिवळी झाली, तसे मी पाणी आणखी वाढवले. अनंताला आंबट माती लागते, कोकणातल्या जांभ्याच्या लाल मातीत ती त्याला आयती मिळते, आणि आमचे बोअरचे क्षारयुक्त पाणी त्याला मातीतले लोह घेऊ देत नव्हते, हे मला नंतर कळले. आई महिन्यातून एकदा त्याला पातळ ताक का घालते, हेही तेव्हाच कळले. तोवर ते मी लाड समजत होतो. शेवटी एके दिवशी झाड हलवून पाहिले तर ते मुळांसकट हातात आले. मुळे तपकिरी झाली होती आणि चिमटीत धरली की त्यांची साल भिजलेल्या कागदासारखी निसटून आतली दोरी तेवढी उरत होती. तीन बायकांनी सांभाळलेले झाड मी दीड महिन्यात बुडवले होते.

आईला फोनवर सांगण्याचे धैर्य गोळा करायला मला दोन दिवस लागले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मावशीकडे कोल्हापूरला आहे. तिच्या नणंदेकडेही आहे. चिपळूणला शेजारच्या काकूंना दिला होता, त्यांचा तर आता माडीला टेकला असेल. पावसाची वाट बघ आणि जाऊन आण.” मी पापक्षालनाच्या तयारीत बसलो होतो आणि तिच्या लेखी हे साखर संपल्यासारखे होते. तिने आयुष्यभर येणाऱ्याजाणाऱ्याला फांद्या का वाटल्या, याचा उलगडा मला त्या यादीतून झाला. जूनमध्ये मी कोल्हापूरला गेलो. मावशीने फांद्या कापून ओल्या फडक्यात गुंडाळून दिल्या आणि वर “ताक घाल हो” असे बजावले, म्हणजे बातमी माझ्या आधी पोहोचली होती.

माझी मुलगी सॅन होजेला असते. तिलाही फांदी हवी होती, पण माती तिकडे नेताच येत नाही आणि जिवंत रोप न्यायचे तर सरकारी दाखल्यांची सोय करावी लागते. केळीच्या सोपाचे दिवस त्या विमानतळापर्यंत पोहोचलेले नाहीत. तिने तिथल्या रोपवाटिकेतून गार्डेनिया आणला आणि पहिले फूल आले तेव्हा आजीला व्हिडिओ कॉलवर दाखवले. आईने चष्मा पुसून ते नीट पाहिले, फार सुंदर आहे म्हणाली, वास कसा आहे ते विचारले. फोन ठेवल्यावर मला म्हणाली, “छान आहे. आपला नाही, पण छान आहे. तिला म्हणावं, त्याची फांदी लावून ठेव.”

यंदाच्या मृगात मी सहा फांद्या लावल्या. आई आता गच्चीत येत नाही, दारात खुर्ची टाकून बसते आणि तिथून सूचना देते. ऑगस्टमध्ये नवी पालवी दिसली तेव्हा मी न उपटता तिला तसे जाऊन सांगितले.

“किती लागल्या?”

“तीन.”

“मग दोन देऊन टाक,” ती म्हणाली, “खालच्या मजल्यावरच्या त्या नवीन सूनबाई विचारत होत्या.”