आमची वाटचाल : देवगड ते न्यू जर्सी, लासलगावमार्गे

आमच्या आणि शेजारच्या बागांमधला हापूस पेट्यांत भरून वाशीच्या दलालाकडे पाठवायचा, एवढाच आमच्या घराचा व्यवसाय होता. जवळपास दोन दशकांच्या खंडानंतर 2007 साली अमेरिकेने भारतीय आंब्याला विकिरणाच्या (फळावर किरण सोडून कीड निष्प्रभ करण्याच्या) अटीवर प्रवेश दिला आणि आम्ही निर्यातीकडे वळलो.

अमेरिकेची धास्ती मुख्यतः फळमाशी आणि कोयकिड्याची आहे. फळमाशीवर गरम पाण्याची प्रक्रिया चालते; कोयकिडा मात्र कैरी लहान असतानाच आत शिरून कोयीत वाढतो, आणि तिथवर पुरेशी उष्णता पोहोचवायची तर गर शिजून जाईल. विकिरणात वापरले जाणारे, कोबाल्ट-60 या किरणोत्सारी पदार्थाचे गॅमा किरण मात्र बंद पेटी, साल, गर आणि कोय यांतून आरपार जातात. पेटीतल्या सर्वांत कमी किरण पोहोचणाऱ्या फळालाही 400 ग्रे (ग्रे हे शोषलेल्या किरणांचे माप) मात्रा मिळावी लागते. तेवढ्याने कीड लगेच मरतेच असे नाही, पण तिची पुढची पिढी जन्मत नाही. म्हणून फळ कापल्यावर कोयीत हलणारा किडा दिसला, तरी प्रक्रिया फसली असे होत नाही, हे आम्ही न्यू जर्सीतल्या ग्राहकांना आवर्जून सांगतो. फळ किरणोत्सारी होत नाही, हेही सांगतो.

सुरुवातीला आमचा माल भाभा अणुसंशोधन केंद्राने लासलगावला उभारलेल्या 'कृषक' केंद्रात जाई. पुढे कृषी पणन मंडळाची सुविधा वाशीत झाली आणि विमानतळ जवळ आल्याने फळाचे हाल कमी झाले. पेटीच्या हवेच्या भोकांना बारीक जाळी लावलेली असते, कारण प्रक्रियेनंतर माशी पुन्हा आत शिरली तर सारेच व्यर्थ. विकिरणाने पिकणे थोडे लांबते, पण कोवळ्या फळाला चव येत नाही. त्यामुळे खांदे देठाच्या वर आलेलेच फळ देठ राखून उतरवायचे, यावर आम्ही ठाम आहोत.

2020 मध्ये महासाथीमुळे विकिरणावर देखरेख करणारे अमेरिकेचे निरीक्षक येऊ शकले नाहीत आणि निर्यात थांबली. ती 2022 च्या हंगामात पुन्हा सुरू होईपर्यंत पुण्या-मुंबईच्या घरोघरच्या ग्राहकांनी आम्हांला तारले.

विकिरण केंद्र कितीही चांगले असले, तरी किडलेले फळ तिथवर जाऊच नये, असे आमचे मत आहे. म्हणून आमच्याशी जोडलेल्या बागायतदारांकडून गळलेली फळे आणि कोयी हंगामभर गोळा करून आम्ही त्या खोल खड्ड्यात पुरतो.