जुन्या टूरिंग सायकलीची डागडुजी
इंदूरमध्ये घेतलेल्या जुन्या टूरिंग सायकलीच्या गंजापेक्षा तिच्या चाकांनीच अधिक छळले. कारण २७ इंची रिमचा टायर बसण्याच्या जागेचा व्यास ६३० मिलिमीटर, तर आजच्या ७००सी रिमचा ६२२, त्यामुळे एकीचा टायर दुसरीला चालत नाही. मूळ चाकांचा हट्ट मला फारसा पटत नाही, म्हणून ७००सी चाके बसवली आणि ब्रेकचे रबर व्यासांतल्या फरकाच्या निम्मे, म्हणजे चार मिलिमीटर खाली सरकवले. सुदैवाने खाचेत तेवढी जागा होती. क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, अक्षाला घट्ट धरणारी कॉटर पिन मात्र तेल मुरवून, खालून लाकडाचा टेकू देऊन हातोडीने ठोकावी लागली, त्यात तिचे आटे चेपले आणि नवीच घालावी लागली. चाचणीसाठी खंडवा रस्त्याने सिमरोलकडे गेलो. सपाटीवर सायकल नाकासमोर धावते. चढावर साखळी मागच्या सर्वांत मोठ्या चक्रीवर जायला कां-कूं करते, तेव्हा डिरेलरची, म्हणजे साखळी एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्रणेची, मर्यादा ठरवणारा स्क्रू किंचित सैल करायचा आहे.